कंडेन्सरमागची वाकळ: एका जुन्या पिकअपच्या एसीचं प्रकरण

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी अडीचच्या सुमारास ही गाडी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या गॅरेजसमोर येऊन उभी राहिली तेव्हा तिच्या चारी काचा खाली होत्या. एसीची तक्रार घेऊन आलेली गाडी काचा खाली करून येते, तेव्हा निम्मी तक्रार न विचारताच कळते.

गाडी 2011 सालची, डबल केबिनची डिझेल पिकअप, एमएच 09 पासिंग, दोन लाख चाळीस हजार किलोमीटर पळालेली. मालकांचं पॅटर्नचं, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घडवतात त्या नमुन्यांचं, वर्कशॉप आहे. लाकडी आणि अ‍ॅल्युमिनियमचे पॅटर्न शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रींत (ओतकामाच्या कारखान्यांत) पोचवायचे, नमुन्याचं कास्टिंग परत आणायचं, हे तिचं रोजचं काम. आठवड्यातून एकदा मालक वडिलांना याच गाडीतून मिरजेला दवाखान्यात नेतात. वडील ऐंशीच्या घरात, बसतात मागच्या सीटवर, आणि हातकणंगले-जयसिंगपूरमार्गे जाऊन-येऊन शंभर किलोमीटर होतात. एसीचा विषय निघाला तो त्यांच्यामुळं.

"मिस्त्री, दोन उन्हाळ्यांत तीनदा गॅस भरला," मालक सांगत होते. "भरला की चार दिवस बरं वाटतंय, परत हाय तेच. आता म्हणत्यात कंप्रेसर गेलाय, बावीस हजार लागतील. म्हटलं एकदा तुम्हाला दाखवावं."

ड्रायव्हर मामांनी त्यात भर घातली. "हायवेला लागून ऐंशीनं निघालं की थंड हवा येती बघा. पर कावळा नाक्यावर थांबलं की नुसती वाफ. आण्णा मागनं म्हणत्यात, काच खाली घे."

मालकांच्या सांगण्यापेक्षा मामांचं हे वाक्य मला जास्त कामाचं वाटलं. पळताना थंड, थांबलं की गरम. पाइपांतून फिरणारा गॅस तोच, त्याला दाबून फिरवणारा कंप्रेसर तोच. बदलतं ते फक्त पुढून येणारं वारं. इतकं स्पष्ट कळूनसुद्धा पुढं मी एक दिवस वाया घालवला, तो भाग येईलच.

आधी आहे तशा अवस्थेत मोजमाप घेतलं. काहीही सोडायचं नाही, भरायचं नाही, धुवायचं नाही. सावलीत हवा 38 अंश. इंजिन जागेवर, ब्लोअर पूर्ण, डॅशबोर्डच्या मधल्या जाळीत प्रोबचा थर्मामीटर खोचलेला. दहा मिनिटांनी जाळीतून येणारी हवा 19 अंश. दाब मोजायच्या गेजवर लो साइड (कंप्रेसरकडं परत येणारी कमी दाबाची बाजू) 55 पौंड, हाय साइड (कंप्रेसरनं दाबून पुढं ढकललेली बाजू) 330. (पौंड म्हणजे दर चौरस इंचाला, आमच्या धंद्यात पीएसआय कोणी म्हणत नाही.) मध्येच कंप्रेसरला इंजिनशी जोडणारा क्लच सुटायचा, मिनिटभरानं परत धरायचा.

हे आकडे कसे वाचायचे ते इथं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. या गाडीत आर-134ए हा गॅस आहे. 1987 च्या माँट्रियल करारानंतर ओझोन खाणारा जुना आर-12 मागं पडला आणि त्याच्या जागी हा आला. बंद पाइपात या गॅसचा दाब आणि त्याचं उकळण्याचं तापमान यांची जोडी ठरलेली असते. लो साइडला 55 पौंड असेल तर डॅशबोर्डमागच्या, हवा थंड करणाऱ्या कूलिंग कॉइलमध्ये गॅस साधारण 14-15 अंशाला उकळतोय. कॉइलच 15 अंशाची असेल तर जाळीतून 10 अंशाची हवा मागायची कुणाकडं? हाय साइडला 330 म्हणजे कंडेन्सरमध्ये (गाडीच्या पुढच्या बाजूला बसणारी, गॅसची उष्णता बाहेरच्या हवेत सोडणारी जाळी) गॅस 75 अंशाच्या आसपास द्रवरूप होतोय. बाहेरची हवा 38, म्हणजे दोघांत 37 अंशांचा फरक. धडधाकट गाडी जागेवर उभी असताना हा फरक वीस-बावीसच्या आत बसायला हवा.

आता कंप्रेसरचं. कंप्रेसर झिजला की तो ओढायचंही कमी करतो आणि दाबायचंही. मग लो साइड वर जाते आणि हाय साइड खाली येते, दोन काटे एकमेकांकडं सरकतात. इथं दोन्ही काटे वर होते. 330 पौंडांपर्यंत दाबणारा कंप्रेसर गेलेला नाही, तो बिचारा जास्तच राबतोय. बावीस हजारांचा मुद्दा माझ्या लेखी पहिल्या दहा मिनिटांत निकाली निघाला. मालकांना तसं सांगितलं तर त्यांचा चेहरा सैल झाला, मग लगेच सावध झाला. "मग गेलंय काय?" ते म्हणाले. त्याचं उत्तर त्या दिवशी माझ्याकडं नव्हतं.

दोन्ही बाजू वर असण्याची कारणं मोजकीच: गॅस जास्त भरलेला, गॅसमध्ये हवा मिसळलेली, नाहीतर कंडेन्सरला वारं कमी. मी कंडेन्सरवर पुढून बॅटरी मारली, स्वच्छ होता. दर रविवारी मामा गाडी वॉशिंग सेंटरला नेतात आणि पुढच्या जाळीतून प्रेशर मारून घेतात. कंडेन्सरपुढचा इलेक्ट्रिक फॅन सुरू केला, जोरात फिरला. दोन्हींपुढं मी मनात टिक केली. त्या दोन्ही टिका चुकीच्या होत्या.

गाडी रात्रभर ठेवून घेतली.

सकाळी सात वाजता, कोणी सेल्फ मारायच्या आधी, गेज लावलं. ही तपासणी फुकटची आहे, वेळ पाच मिनिटांचा, आणि तरी ती करणारं मी फार कमी लोकांना पाहिलंय. रात्रभर थंड झालेल्या गाडीत सगळीकडं तापमान सारखं असतं, त्यामुळं दोन्ही बाजूंना दाबही सारखाच येतो, आणि आत शुद्ध आर-134ए असेल तर तो दाब त्या तापमानाला ठरलेलाच निघायला हवा. सकाळी बॉनेटखाली 26 अंश होते, म्हणजे यायला हवेत 85 पौंड. गेजनं 104 दाखवले.

वरचे एकोणीस पौंड हवेचे. हवा कंडेन्सरमध्ये द्रव होत नाही, ती नुसती जागा अडवून बसते आणि दाब चढवते. ती आत आली कशी, याचा अंदाज बांधायला फार डोकं लागत नाही. याआधी ज्या कुणी तीनदा गॅस भरला, त्यातल्या एकदा तरी व्हॅक्यूम न करता, होजमधली हवा न काढता वरूनच गॅस ढकलला होता. जास्त गॅस भरल्यानं मात्र हा सकाळचा आकडा बदलत नाही. आत द्रव शिल्लक आहे तोवर चमचाभर असो की किलोभर, दाब तापमानच ठरवतं. म्हणून गॅस जास्त आहे की कमी, हे बंद गाडीच्या गेजवरून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. ते वजनावरच कळतं.

मग रिकव्हरी मशीन लावून सगळा गॅस काढून घेतला: 790 ग्रॅम. बॉनेटच्या आतल्या बाजूचं स्टिकर निम्मं पुसलेलं होतं, ओलं फडकं फिरवून तिरक्या उजेडात वाचलं, तर भरायचं वजन 650 ग्रॅम. म्हणजे एकशेचाळीस ग्रॅम वरचढ. हे बहुतेक ड्रायर बाटलीवरच्या (गॅसमधलं पाणी शोषणारी बाटली) काचेत बुडबुडे दिसायचे थांबेपर्यंत भरत राहिल्यानं झालं असणार. आर-12 च्या जमान्यात ती पद्धत चालून जायची. आर-134ए मध्ये बुडबुडे जाईपर्यंत थांबलं की गॅस हमखास जास्त होतो.

एक गोष्ट जाता जाता. हा काढलेला गॅस हवेत सोडून देणारी गॅरेजं आहेत, फुस्स करून एक आवाज येतो आणि काम संपतं. हा गॅस ओझोनला धक्का लावत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो आर-134ए म्हणजे सुमारे 1430 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. त्या 790 ग्रॅमचे सव्वा अकराशे किलो झाले. मशीन नसेल तर शेजारच्याकडून आणावं.

ड्रायर बाटली बदलली. आत हवा शिरली म्हणजे दमटपणाही शिरला, आणि बाटलीतले दाणे एकदा पाणी पिऊन भरले की त्यांचा उपयोग संपतो. जोडांना नव्या ओ-रिंगा (रबरी कड्या) टाकल्या. व्हॅक्यूम पंप पाऊण तास चालवला, मग पंप बंद करून अर्धा तास काटा बघितला, हलला नाही. आमच्याकडच्या नव्या पोरांना इथं एक शंका कायम येते: पुस्तकात 29 इंचाच्या (पाऱ्याचे इंच) वर व्हॅक्यूम लिहिलंय आणि आपला काटा 28 लाच थांबतो, पंप खराब आहे का? पंप चांगला आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच आहे, इथल्या हवेचा स्वतःचा दाबच 28 इंचाच्या घरात. जेवढं आहे तेवढंच काढता येणार, 29 इंच हवे असतील तर पंप घेऊन घाट उतरावा लागेल.

वजनावर 650 ग्रॅम नवा गॅस भरला. दुपारी पुन्हा तीच चाचणी, हवा पुन्हा 38. हाय साइड 295, लो साइड 49, जाळीतून 17 अंश.

खरं सांगायचं तर मी इथं अडखळलो. हवा काढली, वजन बरोबर केलं, तरी फक्त दोन अंश मिळाले. मालकांचा फोन आला, "झालं का?" मी "होतंय" म्हणालो. आता उरलं होतं फक्त वारं, आणि वाऱ्याच्या दोन्ही गोष्टींपुढं तर मीच टिक केली होती.

चहा येईपर्यंत बसलो होतो. पुड्याला गुंडाळून आलेला जुना पेपर हाताशी होता. इंजिन सुरू, एसी सुरू, फॅन सुरू. पेपरचं एक पान गाडीच्या पुढच्या जाळीसमोर धरलं. ते जाळीला जाऊन चिकटायला हवं. ते उलट फडफडत येऊन माझ्या शर्टाला लागलं.

फॅन फिरत होता, जोरात फिरत होता, पण उलटा. मामांना विचारलं तर गेल्या दिवाळीच्या आसपास फॅनची मोटर जळाली होती, रस्त्यातच एकाकडून बदलून घेतली. कनेक्टर जुळला नाही म्हणून दोन्ही वायरी कापून पिळून टेप मारली होती, आणि त्यात लाल-काळी अदलाबदल झाली. अशी डीसी मोटर प्लस-मायनस बदलले की सरळ उलटी फिरते. इंजिनावरचा व्हिस्कस फॅन हवा मागं ओढतोय, पुढचा फॅन तीच हवा पुढं ढकलतोय, आणि दोघांच्या मध्ये कंडेन्सर घुसमटतोय. हायवेला समोरून येणारं वारं इतकं जोरात असतं की त्यापुढं फॅनचं काही चालत नाही. कावळा नाक्यावर मात्र फक्त फॅनच असतो. मामांनी पहिल्याच दिवशी हेच सांगितलं होतं, आणि मी फॅन "चालतोय" एवढंच बघितलं, कुठल्या दिशेला ते बघितलं नाही.

वायर सुलटी केली, व्यवस्थित कनेक्टर टाकला. पेपर जाळीला चिकटला, पण ढिलाच चिकटला. हाय साइड 270, जाळीतून साडेपंधरा.

पेपर ढिला का, हे माझ्या हेल्परनं शोधलं. तो अजून शिकाऊ आहे, त्यामुळं माझ्या टिकांवर त्याचा विश्वास बसायची सवय झालेली नाही. त्यानं बॅटरी मागून, रेडिएटरच्या इंजिनकडच्या बाजूनं धरली आणि पुढं येऊन बघितलं. कंडेन्सर आणि रेडिएटर दोन्ही उघडे असतील तर त्यांच्या पातळ पत्र्याच्या पाकळ्यांतून उजेडाचे ठिपके दिसतात. वरच्या एक तृतीयांश भागात दिसत होते. खाली काळोख.

कंडेन्सर पुढं, रेडिएटर मागं, आणि दोघांत दीड बोटाची फट. ही फट पुढूनही दिसत नाही आणि मागूनही. रेडिएटरचे वरचे बोल्ट सोडून तो मागं कलता केला आणि आतून निघाली ती अक्षरशः वाकळ. एकसंध, काळपट, वाळून टणक झालेली, दोन्ही हातांनी धरून उचलता येईल अशी. वजन केलं नाही, करायला हवं होतं.

फोडून बघितली तर थर ओळखू येत होते. उसाच्या पाचटाचा भुगा आणि चिपाडाचं तूस: हंगामात हातकणंगल्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागं चालणाऱ्या गाडीला ते चुकत नाही. त्यात कापसासारखा रस्त्यावरचा फुफाटा, किडे, एक प्लास्टिकचा तुकडा. आणि या सगळ्याला सांधणारी काळी बारीक माती, फौंड्रीच्या आवारातली. कोल्हापुरात सांगायला नको, ग्रीन सँडच्या (ओलसर वाळूच्या) मोल्डमध्ये, म्हणजे साच्यात, वाळूबरोबर बेंटोनाइट आणि कोळशाची पूड असते. बेंटोनाइट ही माती पाण्यानं फुगते आणि चिकट होते, वाळूचे कण धरून ठेवण्यासाठीच ती घालतात.

आता रविवारचं वॉशिंग आठवा. पुढच्या जाळीतून प्रेशरचं पाणी मारलं की कंडेन्सरचा पुढचा चेहरा चकचकीत होतो. त्यावरची घाण जाते कुठं? पाकळ्यांतून मागं, त्या फटीत. तिथं ती भिजते, बेंटोनाइट चिकट होतं, मग सोमवारी रेडिएटरच्या उष्णतेनं सगळं भाजून निघतं. पुढच्या रविवारी आणखी एक थर. मामा गाडीची जितकी निगा राखत होते तितकी ही वाकळ जाड होत होती.

मालक संध्याकाळी बघायला आले. तुकडा हातात घेऊन अंगठ्यानं दाबला आणि हसायलाच लागले. "मिस्त्री, हा तर आमचा मोल्डच की! यात वितळलेलं लोखंड ओतलं तरी चालंल." मग गंभीर होऊन म्हणाले, "म्हंजे इंजिनलाबी वारं न्हवतं." बरोबर होतं. मामांना खोदून विचारल्यावर कळलं की गेल्या उन्हाळ्यात आंबा घाट चढताना टेंपरेचरचा काटा अर्ध्याच्या वर जायचा. कुणी विचारलं नव्हतं म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि न विचारणाऱ्यांत मीही होतो.

धुण्याचं काम तीन तास चाललं. रेडिएटर पूर्ण काढला. दोन्हींवर साबणाचं कोमट पाणी मारून तासभर भिजवलं, मग साध्या बागेच्या पाइपनं मागून पुढं, म्हणजे घाण ज्या दिशेनं शिरली त्याच्या उलट पाणी सोडलं. प्रेशर गन वापरली नाही. आधीच्या प्रेशरनं कंडेन्सरच्या डाव्या कोपऱ्यातल्या पाकळ्या गवत आडवं पडावं तशा झोपल्या होत्या. त्या कंगव्यानं एकेक ओळ उभ्या केल्या. बाजारात मिळणारं अ‍ॅसिडचं कॉइल क्लीनर काही जण वापरतात, झटपट फेस येतो आणि चमक येते, पण ते अ‍ॅल्युमिनियम खातं. या वयाच्या कंडेन्सरवर मी ते घालणार नाही. परत बसवताना कडेच्या फटी फोमच्या पट्ट्यांनी बंद केल्या. मूळच्या पट्ट्या कधीच गळून पडल्या होत्या, आणि हवेला कंडेन्सरमधून जाण्यापेक्षा बाजूच्या फटीतून जाणं सोपं पडत होतं.

तिसऱ्या दिवशी, हवा पुन्हा 38. हाय साइड 228, म्हणजे कंडेन्सरमध्ये साधारण 60 अंश, बाहेरच्या हवेशी फरक बावीसचा. लो साइड 34, म्हणजे कॉइलमध्ये 4 अंशांच्या आसपास. क्लच सुटायचा थांबला.

जाळीतून मात्र 14 अंश.

गेजं आता निर्दोष होती. बरेच जण इथं थांबतात, आणि गिऱ्हाइकाला "जुनी गाडी हाय, एवढंच होणार" असं सांगतात. पण कॉइल 4 अंशांवर आणि जाळी 14 वर, हा दहाचा फरक कुठून तरी येतोय. थंड झालेल्या हवेत वाटेत कोणीतरी उष्णता मिसळतंय, नाहीतर कॉइलवर येणारी हवाच फार तापलेली आहे. इथं दोन्ही होतं.

आपल्याकडं हीटर कोणी वापरत नाही. कोल्हापूरच्या थंडीत चार सकाळी लावला तर लावला. पण हीटरची छोटी जाळी एसीच्या कॉइलच्या पुढंच, त्याच हवेच्या वाटेत बसवलेली असते आणि इंजिनचं गरम पाणी एका कॉकवर अडवलेलं असतं. बॉनेटखाली हीटरच्या दोन्ही होजना हात लावला, दोन्ही चटका देणाऱ्या. कॉक बंद असेल तर परतीची होज कोमट हवी. केबल डॅशबोर्डवर "थंड" दाखवत होती आणि कॉक निम्मा उघडा राहून गंजला होता. म्हणजे ही गाडी वर्षानुवर्षं एका हातानं थंड करत होती आणि दुसऱ्यानं गरम. खात्रीसाठी होजला क्लँप लावून दाबली. थर्मामीटरकडं बघत उभे राहिलो. पाच मिनिटांत 14 वरून साडेदहा. होजच्या वाटेत साडेतीनशे रुपयांचा पितळी बॉल कॉक टाकला. (असं करताना त्या इंजिनचं पाणी हीटरवाटे फिरणं गरजेचं नाही ना, हे आधी बघायचं. काही इंजिनांत ती वाट बंद केलेली चालत नाही. या इंजिनात वेगळी बायपास वाट आहे.)

दुसरी गोष्ट आतली हवा फिरवणाऱ्या झडपेची. लिव्हर सरकत होता, झडपही हलत होती, पण कडेचा फोम चुरा होऊन गेला होता, त्यामुळं "आत" लावलं तरी बोनेटजवळची तापलेली हवा येतच होती. नवा फोम चिकटवला. त्यासाठी ब्लोअर काढलाच होता म्हणून कॉइलचा चेहराही बघितला. या गाडीला केबिन फिल्टर नाही. कॉइलवर तीच काळी माती, जरा पातळ. मऊ ब्रशनं आणि फेसानं साफ केली. पाणी जायची नळी तुंबलेली होती, मामा म्हणाले, "डावीकडचं पायपुसणं पावसाळ्यात कायम वलं असायचं, मला वाटलं दारातनं गळतंय."

ब्लोअरच्या वायरिंगचं थोडक्यात: बॅटरीवर 13.8 व्होल्ट, मोटरच्या टर्मिनलवर 11.1. जुन्या स्विचमध्ये आणि सैल अर्थिंगमध्ये बाकीचे जिरत होते. रिले टाकून बॅटरीपासून फ्यूजसह जाड वायर ओढली, अर्थ घासून घट्ट केलं. मोटरला 13.3 मिळायला लागले आणि हवेचा झोत मागच्या सीटपर्यंत पोचायला लागला. डबल केबिनला मागं वेगळा ब्लोअर नाही, सगळी भिस्त या एकाच मोटरवर.

मालकांना काचांना काळी फिल्म लावायची होती. नको म्हटलं. सुप्रीम कोर्टानं 2012 मध्ये अशा काळ्या फिल्मवर बंदी घातली, तेव्हापासून पोलीस रस्त्यात अडवून ती सोलून काढतात. त्याऐवजी गिअर लिव्हरचं फाटलेलं रबर बदललं, तिथून गिअरबॉक्सची ऊब सरळ केबिनमध्ये येत होती, आणि छताच्या आतल्या कापडामागं फोमचं अस्तर घातलं. यातून किती फरक पडला ते वेगळं मोजलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी तीनला ट्रायल, मालक गाडीत, आण्णा मुद्दाम मागच्या सीटवर. बाहेर 39. तावडे हॉटेलच्या चौकात वाहतूक तुंबलेली, तिथं दहा मिनिटं जागेवर: मधल्या जाळीतून 11 अंश. हातकणंगल्याच्या रस्त्यावर साठच्या वेगानं: 7 ते 8. मागच्या सीटच्या डोक्याच्या उंचीवर वीस मिनिटांनी 26. पहिल्या दिवशी हेच 31 होतं. आण्णा काही बोलले नाहीत. जयसिंगपूरच्या अलीकडं त्यांनी उपरणं खांद्यावरून डोक्यावर घेतलं आणि म्हणाले, "जरा कमी कर रे."

कुठल्या कामानं किती फायदा झाला याचा काटेकोर हिशेब मी मांडत नाही. फॅन आधी सुलटा केला म्हणून त्याच्या वाट्याला पंचवीस पौंडच आले, कारण पुढं वाकळ अडवून बसली होती. क्रम उलटा असता तर गुण फॅनला गेले असते. हीटर कॉकचे साडेतीन अंश तेवढे निखळ त्याचेच, बाकी काहीही न हलवता मोजलेले. साडेतीनशे रुपयांत साडेतीन अंश, असा सौदा या धंद्यात मला दुसरा माहीत नाही.

बिल सगळं मिळून साडेनऊ हजारांच्या आत बसलं. त्यात सर्वात जास्त पैसे मजुरीचे, धुण्याचे आणि रेडिएटर काढ-घालीचे.

जे सुधारलं नाही तेही लिहितो. भरलेल्या गाडीनं आंबा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढताना जाळीचं तापमान चौदा-पंधरावर जातं. वेग कमी, इंजिन तापलेलं, एवढ्या केबिनला मुळात हा कंडेन्सर लहानच आहे. मोठा कंडेन्सर बसवता येईल, पण त्यासाठी पुढची चौकट कापावी लागेल आणि या वयात मी ते सुचवलं नाही. कंप्रेसरच्या पुढच्या सीलपाशी तेलाचा हलका ओलावा आहे. गॅस भरताना गळती दाखवणारा रंग (डाय) टाकलाय, निळ्या दिव्याखाली महिन्यानं बघितलं तर ओल होती पण थेंब नव्हता. पुढच्या एक-दोन उन्हाळ्यांत सील बदलावं लागेल, हे मालकांना आधीच सांगून ठेवलंय, म्हणजे त्या वेळी "गॅस संपला" असं कोणी सांगितलं तर त्यांना कारण ठाऊक असेल.

वॉशिंग सेंटरला आता पुढून प्रेशर मारायचं नाही, एवढं मामांना बजावलंय. ऊस सुरू झाला की महिन्याला एकदा गाडी आमच्याकडं आणायची, रेडिएटरचे वरचे दोन बोल्ट सोडून फटीत बॅटरी मारायची, दहा मिनिटांचं काम. वाकळीचा एक तुकडा मालक घेऊन गेले. वर्कशॉपच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलाय.